त्रिएस्तेत बिऱ्हाड थाटताना

त्रिएस्तेत उतरल्यावर पहिल्याच आठवड्यात जे तीन शब्द कानावर पडतात, ते इटालियनच्या कुठल्याही क्लासमध्ये शिकवत नाहीत : 'नो से पोल'. तिथल्या बोलीत याचा अर्थ 'जमायचं नाही'. काउंटरमागची बाई हे रागाने म्हणत नाही, तुच्छतेनेही म्हणत नाही. पाऊस पडतोय हे सांगावं तसं सांगते. त्रिएस्तेकर स्वतःच या शब्दांवरून आपल्या गावाची टिंगल करतात. दुपारी एक ते चारच्या पाटीवरून पुणेकरांना चिडवतात, तसंच हे.

मी पुण्याची, त्यामुळे पाटीची सवय होती. तरी हे शब्द पचायला सहा महिने गेले. तेव्हा कळलं की दहापैकी आठ वेळा 'नो से पोल' म्हणजे नकार नसतो. तुम्ही तिसरी पायरी चढायला आलात आणि दुसरी अजून झालेली नाही, एवढंच त्यात सांगायचं असतं. बाई ते फोड करून सांगत नाही, ही तिची खोड. म्हणून या लेखात मी पायऱ्या लावून देते आहे.

गाव कसं आहे

इटलीच्या ईशान्य टोकाला, एड्रियाटिक समुद्र आणि स्लोव्हेनियाची सीमा यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत हे दोनेक लाख वस्तीचं बंदर आहे. पहिल्या महायुद्धापर्यंत हे ऑस्ट्रियाच्या साम्राज्याचं बंदर होतं. सम्राट सहाव्या चार्ल्सने १७१९ मध्ये ते जकातमुक्त केलं आणि गाव वाढलं. आपल्याशी नातंही जुनंच. सुएझ कालवा खुला झाल्यावर इथल्या ऑस्ट्रियन लॉइड कंपनीच्या बोटी मुंबईला नियमित ये-जा करू लागल्या. पुढे त्याच कंपनीचं नाव लॉइड त्रिएस्तीनो झालं.

आज भारतीय माणूस इथे येतो तो बहुधा विज्ञानामुळे. अब्दुस सलाम यांनी १९६४ मध्ये उभारलेलं सैद्धांतिक भौतिकशास्त्राचं आंतरराष्ट्रीय केंद्र मिरामारेला आहे, सिस्सा ही पीएचडीची संस्था टेकडीवर आहे, आणि बाझोवित्सातल्या एलेत्रा सिंक्रोट्रॉन या प्रखर क्ष-किरण देणाऱ्या यंत्रावर भारताच्या भागीदारीतून उभ्या राहिलेल्या किरणवाहिन्या आहेत. जनुक-अभियांत्रिकीच्या ज्या आंतरराष्ट्रीय केंद्राची एक शाखा दिल्लीत आहे, त्याची दुसरी इथे. याशिवाय विमा, जहाजबांधणी आणि कॉफी. मिलानसारख्या भरमसाठ नोकऱ्या इथे नाहीत. नोकरी हातात नसताना 'जाऊन बघू' म्हणून यायचं हे गाव नव्हे.

भारतातून निघण्याआधी

लांब मुक्कामाचा 'डी' व्हिसा हाच पाया. पर्यटक व्हिसावर येऊन तो इथे बदलून घेऊ, असा सल्ला देणारे भेटतील. त्यांचं ऐकू नका. नोकरीसाठी मालकाने आधी इथल्या प्रेफेत्तूरातून, म्हणजे केंद्र सरकारच्या जिल्हा कार्यालयातून, 'नुल्ला ओस्ता' म्हणजे ना-हरकत मिळवायची असते, मग मुंबईत व्हिसा. संशोधकांसाठी आणि उच्चशिक्षितांच्या ब्लू कार्डासाठी वार्षिक कोट्याबाहेरची वाट आहे. तुम्ही कोणत्या वाटेने येताय हे मालकाकडून लेखी घ्या, कारण पुढचे सगळे अर्ज त्यावर ठरतात.

जन्मदाखला, विवाह नोंदणी आणि पदवी यांवर अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणूनचा शिक्का, भारतातच करून घ्या. आधी राज्य सरकारची पडताळणी, मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का. 'पदवी पुरे, लग्नाचा दाखला नंतर मागवू' असं मी म्हटलं होतं. नंतर तोच दाखला माझ्या सासऱ्यांनी दोनदा मुंबईला खेपा घालून काढला. नवरा मागाहून येणार असेल, तर त्याच्या व्हिसाची गाडी याच कागदावर अडते.

गाडी चालवायची असेल तर आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना घेऊन या. इटलीत रहिवासी म्हणून नोंद झाल्यापासून एक वर्ष भारतीय लायसन्स त्याच्यासोबत चालतं. त्यानंतर अदलाबदलीची सोय भारताशी नाही, परीक्षा पहिल्यापासून द्यावी लागते, आणि लेखी परीक्षा इंग्रजीत देता येत नाही.

पहिले आठ दिवस

देशात पाऊल टाकल्यापासून कामकाजाच्या आठ दिवसांत राहण्याच्या परवान्याचा, म्हणजे 'पेर्मेस्सो दि सोज्जोर्नो'चा अर्ज जायलाच हवा. जेट लॅग, घरशोध, नवी नोकरी यांतलं काहीही सबब म्हणून चालत नाही. नुल्ला ओस्तावर आलेल्यांनी करारावर कधी आणि कशी सही करायची हे आल्याबरोबर मालकाला विचारायचं. पूर्वी ही सही प्रेफेत्तूरात होत असे, आता सही केलेला करार मालकच तिथे ऑनलाइन पाठवतो. विद्यार्थ्यांनी आणि इतर बऱ्याच जणांनी मोठ्या पोस्टात जायचं, 'स्पोर्तेल्लो आमिको' लिहिलेल्या खिडकीवर संच मागायचा. तो फुकट मिळतो.

सोबत पासपोर्टच्या पानांच्या झेरॉक्स, व्हिसा ज्या कारणासाठी मिळाला त्याचे कागद, आणि १६ युरोंचा 'मार्का दा बोल्लो' म्हणजे महसुली तिकीट. हे तिकीट पोस्टात मिळेलच असं नाही. बाहेर 'टी' अक्षराची पाटी असलेल्या ताबाक्कीत, म्हणजे सिगारेटच्या दुकानात मिळतं. पाकीट चिकटवू नका, उघडंच द्या. खिडकीवरचा माणूस आतलं तपासतो. पोस्टाचे ३० युरो वेगळे, परवान्याचं शुल्क वेगळं. एक वर्षापर्यंतच्या परवान्याला सगळं मिळून ११६ युरोंच्या आसपास लागतात.

बदल्यात पावती मिळते आणि क्वेस्तूरात, म्हणजे पोलिसांच्या मुख्यालयात, बोटांचे ठसे द्यायची तारीख. ही पावती सोन्यासारखी जपा. कार्ड यायला महिने लागू शकतात, तोवर पुढचं सगळं या चिटोऱ्यावर चालतं. मी ती प्लास्टिकच्या पिशवीत, पासपोर्टच्या पोटात ठेवत असे.

संशोधन संस्थेत रुजू होणार असाल तर संस्थेतल्या स्वागत-कक्षाला आधी ईमेल करा. इतकी वर्षं परदेशी माणसं आणल्यामुळे तिथल्या लोकांना क्वेस्तूराच्या खाचाखोचा ठाऊक असतात.

सोळा अक्षरांचं नाव

'कोदिचे फिस्काले' हा कर-क्रमांक आजेन्झिया देल्ले एन्त्राते या कर कार्यालयात मोफत मिळतो. काहींना तो व्हिसाच्या किंवा नुल्ला ओस्ताच्या टप्प्यावरच मिळालेला असतो. त्याशिवाय सिमकार्ड नाही, भाडेकरार नाही, पगारही नाही.

तो आडनाव, नाव, जन्मतारीख आणि जन्मस्थळ यांवरून ठरलेल्या रीतीने बनतो. आडनावाची तीन अक्षरं, नावाची तीन, मग वर्ष, महिन्याचं अक्षर, दिवस. बाईच्या दिवसात ४० मिळवतात, म्हणून माझ्या १२ तारखेचे ५२ झाले. भारतात जन्मलेल्या सगळ्यांसाठी जन्मस्थळ एकच : झेड २२२. लातूर असो वा लोणावळा.

आपली मराठी मेख इथे बसते. आपल्या पासपोर्टात नावापुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं आणि ते 'दिलेलं नाव' या रकान्यात जातं. इटालियन संगणकाला ते तुमचंच दुसरं नाव वाटतं आणि दोन्ही मिळून अक्षरं काढली जातात. नुसत्या 'अमित'ची अक्षरं एम-टी-ए होतात, 'अमित रमेश'ची एम-आर-एम. म्हणजे बँकेत 'अमित' आणि कर कार्यालयात 'अमित रमेश' लिहिलंत, तर संगणकाच्या लेखी तुम्ही दोन माणसं आहात. माझ्या ओळखीच्या एका मुलाने असाच घोळ घातला आणि पहिला पगार दीड महिना लटकला. नियम एकच ठेवा : पासपोर्टात जसं आहे तसं, पूर्ण, प्रत्येक फॉर्मवर. नवऱ्याचं नाव उच्चारायला कितीही विचित्र वाटलं तरी. क्वेस्तूरात माझ्या नवऱ्याच्या नावाने पुकारा झाला आणि मी उठून उभी राहिले.

घर आणि बोरा

इमोबिल्यारे आणि इदेआलिस्ता या संकेतस्थळांवर जाहिराती असतात. दलाल साधारण एका महिन्याचं भाडं आणि वर कर घेतो. अनामत कायद्याने तीन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही. आपल्याकडच्या अकरा महिन्यांच्या करारासारखं इथे काही नाही. चार अधिक चार वर्षांचा खुला करार, तीन अधिक दोन वर्षांचा ठरीव भाड्याचा, अठरा महिन्यांपर्यंतचा तात्पुरता, आणि विद्यार्थ्यांचा वेगळा. लांब करारात मध्येच सोडायचं तर सहसा सहा महिन्यांची नोटीस लागते. नोकरी दोन वर्षांची असेल, तर ही मुदत कमी करण्याची अट सही करण्याआधी घालून घ्या. एकदा सही झाली की नो से पोल.

करार तीस दिवसांत नोंदवायचा असतो. नोंदणीशिवाय थोडं स्वस्तात देतो असं मालक म्हणाला तर नमस्कार करून निघा. त्या घरावर तुमची रहिवासी नोंद होणार नाही. परदेशी माणूस घरात ठेवल्याची खबर मालकाने ४८ तासांत पोलिसांना द्यायची असते. तिची प्रत मागून घ्या. अनेकदा तीच पुढे मागतात. आणि घर न बघता परदेशातून अनामत पाठवू नका. पहिला महिना खोलीवर काढा.

वस्त्यांचं म्हणाल तर बोर्गो तेरेसियानो सपाट, मध्यवर्ती, स्टेशनाला लागून. कावाना म्हणजे जुनं गाव, देखणं पण रात्री गोंगाटाचं. सान जाकोमो ही जुनी कामगार वस्ती. भाडी नरम, शेजारपाजार अजून शिल्लक, फक्त चढ फार. मी तिथेच राहिले. कार्सोच्या पठारावरचं ओपिचीना मुलं असलेल्यांना आवडतं. झाडी आहे, पण हिवाळ्यात गावापेक्षा चांगलंच गार.

पण घर बघताना भाड्याच्याही आधी विचारायचा प्रश्न वाऱ्याचा. बोरा हा ईशान्येचा वारा. पठारामागे साठलेली जड थंड हवा कार्सोच्या कड्यावरून समुद्राकडे कोसळते आणि सगळं गाव तिच्या वाटेत येतं. झोत ताशी शंभर किलोमीटर ओलांडतात, कधी दीडशेच्याही वर जातात. स्वच्छ उन्हातला तो 'बोरा कियारा', ढग-पाऊस घेऊन आलेला 'बोरा स्कुरा'. पूर्वी चढाच्या रस्त्यांवर धरून चालायला दोर बांधत. २०१२ च्या फेब्रुवारीत तर उडालेलं समुद्राचं पाणी धक्क्यावरच गोठून सगळा किनारा बर्फाने मढला होता.

म्हणून घर बघायला गेलात की खिडक्यांची तोंडं कुठे आहेत ते फोनच्या होकायंत्रावर पाहा. जुन्या इमारतींत एकापाठोपाठ एक अशा दोन खिडक्या असतात. दोन्ही घट्ट लागतात का ते स्वतः लावून बघा. फटीशी हात धरा. हीटिंग स्वतंत्र आहे की इमारतीचं सामाईक, आणि गेल्या हिवाळ्याची बिलं किती, हे विचारा. सामाईक असेल तर 'स्पेझे कोन्दोमिनियाली'त, म्हणजे सोसायटीच्या खर्चात, ते धरलंय का तेही. समुद्र दिसणारी बाल्कनी मे महिन्यात फार मोहवते. जानेवारीत त्याच बाल्कनीतून माझी तुळस, कुंडीसकट, नेमकी कुठे गेली ते मला आजतागायत कळलेलं नाही.

बोऱ्याच्या दिवशी छत्री नेऊ नका. कचऱ्याच्या डब्यांत मोडक्या छत्र्यांचे ढीग दिसतात ते पाहुण्यांचे. लावून ठेवलेल्या स्कूटरींच्या ओळीशेजारून चालू नका, पत्त्यांसारख्या पडतात.

दारावरचं नाव

घर मिळालं की कोमूनेत, म्हणजे नगरपालिकेच्या 'अनाग्राफे' विभागात रहिवासी नोंद करायची. नोकरी किंवा कुटुंब या कारणाच्या पहिल्या परवान्याची पावती तिथे चालते. पुढच्या ४५ दिवसांत पालिकेचा पोलीस केव्हाही येऊन तुम्ही खरंच राहता का हे पाहतो.

तो पाहतो कुठे, तर आधी खाली, 'चितोफोनो'वर, म्हणजे बेलच्या पाटीवर. तिथे आणि पत्रपेटीवर तुमचं आडनाव नसेल तर तुम्ही तिथे राहत नाही. घरावर आधीच्या भाडेकरूचं नाव तसंच ठेवून मी तीन आठवडे निवांत होते. तेवढ्यात एक नोंदणी टपाल परत गेलं. किल्ली हातात आली त्याच संध्याकाळी कागदावर ठळक आडनाव लिहून दोन्हीकडे चिकटवा. नवरा-बायकोची आडनावं वेगळी असतील तर दोन्ही. इथल्या बायका लग्नानंतरही माहेरचंच आडनाव लावतात, त्यामुळे कुणाला आश्चर्य वाटत नाही.

दवाखाना

नोकरदारांना सरकारी आरोग्यसेवेत नाव नोंदवणं मोफत आणि सक्तीचं आहे, अवलंबून कुटुंबासकट. नोंदणी अझूजी या स्थानिक आरोग्यसंस्थेकडे. तिथेच यादीतून 'मेदिको दि बाझे', म्हणजे आपला फॅमिली डॉक्टर निवडायचा. विद्यार्थ्यांना वर्गणी भरून यात येता येतं. २०२४ पासून ती वर्षाला ७०० युरो आहे आणि वर्ष म्हणजे कॅलेंडर वर्ष. नोव्हेंबरात भराल तर ३१ डिसेंबरला संपेल. म्हणून शरदात येणारे बरेच विद्यार्थी डिसेंबरपर्यंत खासगी विमा काढतात आणि जानेवारीत वर्गणी भरतात.

तातडीला ११२. मोठं रुग्णालय कात्तिनाराचं, टेकडीवरचे दोन मनोरे गावभरातून दिसतात. मुलांसाठी बुर्लो गारोफोलो. कार्सोच्या रानात फिरणार असाल तर गोचिडीपासून होणाऱ्या मेंदूज्वराची लस डॉक्टरांना विचारा. इथले लोक ते गंभीरपणे घेतात.

पैसे

संशोधक आणि प्राध्यापक यांच्यासाठी इटलीत मोठी करसवलत आहे. अटी पूर्ण होत असतील तर उत्पन्नाचा ९० टक्के भाग काही वर्षं करातून वगळतात. ही सवलत आपोआप मिळेल असं धरू नका. पहिल्या पगाराआधी मनुष्यबळ विभागाला लेखी विचारा.

आणि जे आपल्यापैकी जवळपास कुणीच वेळेत करत नाही ते : इटलीचे कर-रहिवासी झालात की भारतातली खाती, मुदत ठेवी, म्युच्युअल फंड, वडिलांनी नावावर केलेला कोथरूडचा फ्लॅट, हे बहुतेक सगळं विवरणपत्राच्या 'आर-डब्ल्यू' रकान्यात दाखवावं लागतं, त्यातून काही उत्पन्न नसलं तरी. परदेशी मालमत्तेची कामं करणारा हिशोबनीस गाठा. भारतातलं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचं खातं, करून घेणं हा याचाच दुसरा भाग.

स्वयंपाकघर

आपला मिक्सर इथे चालतो, वीज २३० व्होल्टचीच आहे. फक्त पिन बसत नाही. मात्र घराचा मीटर बहुधा तीन किलोवॉटचा असतो. ओव्हन, वॉशिंग मशीन आणि इस्त्री एकत्र लावलीत की अंधार. मुख्य बटण कधीकधी तळघरातल्या मीटरजवळ असतं, ते कुठे आहे हे पहिल्या दिवशीच विचारून ठेवा. कुकरची रबरी रिंग आणि शिट्टी जास्तीची आणा.

सुपरमार्केटात 'फारिना दि चेची' म्हणजे बेसन, सोललेली लाल 'लेन्तिक्ये' म्हणजे मसूर डाळ, 'सेमोला' म्हणजे रव्याची बहीण. शिरा होतो, जरा चिकट. पोळीसाठी नुसतं 'इन्तेग्राले', म्हणजे कोंड्यासकटचं गव्हाचं पीठ घेतलं तर कडा फाटतात. मी अर्धं ते आणि अर्धं साधं पांढरं 'झेरो' पीठ घेते. तूरडाळ, पोहे, हिरव्या मिरच्या, कोथिंबीर यांसाठी रेल्वेने मोन्फाल्कोनेला जा, अर्ध्या तासाचा रस्ता. तिथल्या जहाजबांधणीच्या कारखान्यामुळे बांगलादेशी वस्ती मोठी आहे आणि त्यांच्या दुकानांत आपलं बरंचसं मिळतं. कढीपत्ता आणि गोडा मसाला मात्र घरूनच.

शाकाहारी असाल तर 'योता' या कोबी-राजम्याच्या सुपाला भुलू नका, त्यात बहुधा डुक्कर असतं. 'सेन्झा कार्ने' एवढं म्हणणं पुरत नाही, 'सेन्झा प्रोशुत्तो' हेही म्हणा. हॅमला इथे अनेकजण मांस धरतच नाहीत.

कॉफीचं इथलं व्याकरण उरलेल्या इटलीहून निराळं. एस्प्रेसो म्हणजे 'नेरो'. थोड्या दुधाची ती 'कापो'. तीच काचेच्या छोट्या ग्लासात हवी तर 'कापो इन बी'. आणि नेहमीचं मोठं कापुचिनो हवं असेल तर 'काफ्फेलात्ते' मागायचं. भारताची कॉफी सर्वांत जास्त घेणारा देश इटलीच आहे, त्यामुळे तुमच्या 'नेरो'त थोडं चिकमगळूर असण्याची शक्यता बरीच.

सीमा दारात आहे म्हणून

स्लोव्हेनियाची हद्द गावापासून दहाएक किलोमीटरवर. रविवारी सहकारी सहज म्हणतात, चल, पलीकडे जेवून येऊ. परवान्याचं कार्ड हातात असेल तर खुशाल जा, पासपोर्ट आणि कार्ड दोन्ही खिशात ठेवून. इटलीने ऑक्टोबर २०२३ मध्ये या सीमेवर पुन्हा तपासणी सुरू केली. पण व्हिसा संपलाय आणि हातात फक्त पोस्टाची पावती असेल तर पलीकडे जाऊ नका. ती पावती इटलीपुरती आहे.

हीच गोष्ट गणपतीला घरी येताना लक्षात ठेवायची. त्रिएस्तेहून भारताला थेट विमान नाही आणि सोयीचं तिकीट बहुधा जर्मनीमार्गे दिसतं. केवळ पावतीवर प्रवास करत असाल तर ते घेऊ नका, मध्ये दुसरा शेंगेन देश, म्हणजे युरोपातल्या सामाईक व्हिसाच्या गटातला देश, येता कामा नये. आगगाडीने दोन तासांत व्हेनिस गाठा आणि तिथून दुबई किंवा दोहामार्गे मुंबई. परततानाही तसंच. पावतीची मूळ प्रत हातातल्या बॅगेत ठेवा, मुंबईच्या चेक-इन काउंटरवर ती नक्की मागतात.